गिरणीच्या दारातील चिंता : मुंबईचा बदली कामगार आणि रोजगाराची अनिश्चिती

१

मुंबईतील कापडगिरण्यांचा इतिहास लिहिताना भांडवलाची उभारणी, यंत्रांची वाढ, बाजारपेठेतील चढउतार आणि संप या विषयांना स्वाभाविकच अग्रस्थान मिळाले आहे. या सर्वांच्या मुळाशी असलेला, परंतु स्वतंत्र विवेचनास क्वचितच पात्र ठरलेला एक विषय म्हणजे कामगाराची चिंता होय. आज काम मिळेल की नाही, मिळालेले काम उद्या टिकेल की नाही, केलेल्या कामाचे दाम पुरते हाती पडेल की नाही, आजारपणात घर कसे चालेल, हे प्रश्न गिरणगावातील माणसाच्या मनात नित्य वावरत असत. संप, दंगे आणि कायदे या ठळक घटना होत. चिंता ही त्यांच्या मधल्या काळातील रोजची स्थिती होय. म्हणूनच तिची नोंद कागदपत्रांत थोडी आणि विखुरलेली आढळते.

या चिंतेचे सर्वांत स्पष्ट रूप बदली कामगाराच्या ठिकाणी दिसते. गिरणीच्या हजेरीपटावर ज्याचे नाव कायम आहे तो कामगार गैरहजर राहिला, तर त्याच्या जागी त्या पाळीपुरता जो घेतला जाई तो ‘बदली’. सकाळचा भोंगा होण्यापूर्वी तो दाराशी उभा राही. खात्यातील जागा किती मोकळ्या आहेत हे ठरेपर्यंत त्याला थांबावे लागे आणि जागा नसेल तर हात हलवीत परतावे लागे. दुसऱ्याचा खाडा हाच त्याचा रोजगार असल्याने गिरणीतील त्याचे अस्तित्व दुसऱ्याच्या अनुपस्थितीवर अवलंबून होते. या स्थितीतून निर्माण होणाऱ्या चिंतेला कामगारांनी कोणकोणत्या मार्गांनी तोंड दिले आणि त्या प्रत्येक मार्गाची कोणती किंमत त्यांना मोजावी लागली, याचा येथे विचार करावयाचा आहे.

२

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील अर्धशतकात हा धंदा झपाट्याने वाढला, तथापि त्याची वाढ सरळ रेषेत झाली नाही. कापसाचे भाव, चीनच्या बाजारातील सुताची मागणी, लँकेशायर आणि पुढे जपान यांची स्पर्धा यांमुळे उत्पादनात वारंवार चढउतार होत. गिरणीमालकांनी या अस्थैर्याचा मोठा भाग मजुरांच्या संख्येवर ढकलला. तेजीत पुष्कळ हात हाताशी असावेत आणि मंदीत त्यांचा भार वाहावा लागू नये, ही त्यांची गरज होती. बदली पद्धती या गरजेला पूर्णपणे जुळणारी होती. रोजच्या गैरहजेरीची भरपाई हे तिचे उघड प्रयोजन होते. परंतु राखीव मजुरांचा साठा अल्प खर्चात सांभाळणे हे तिचे कार्य त्याहून महत्त्वाचे होते.

भरतीचे काम व्यवस्थापक स्वतः करीत नसत. ते जॉबरच्या हाती असे. जॉबर खात्यातील कामावर देखरेख करी, यंत्रांच्या दुरुस्तीकडे लक्ष देई आणि माणसेही आणी. कोणाला घ्यावयाचे, कोणाला परत पाठवावयाचे, कोणत्या बदलीला कायम करावयाचे, हे बहुतांशी त्याच्या मर्जीवर ठरे. या मर्जीचे मूल्य ‘दस्तुरी’ या नावाने वसूल केले जाई. नोकरी मिळताना, रजेवरून परतताना आणि कधी दरमहासुद्धा जॉबरला काही द्यावे लागे. १९२९ साली नेमलेल्या व १९३१ साली अहवाल सादर केलेल्या व्हिटली यांच्या रॉयल कमिशनने या लाचखोरीवर कठोर टीका केली आणि भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घेण्याची शिफारस केली.

नोकरी मिळाल्यानंतरही अनिश्चिती संपत नसे. एका महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या मध्याच्या सुमारास हाती येई. त्यामुळे नव्याने लागलेल्या माणसाला जवळजवळ दीड महिना उधारीवर काढावा लागे. एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांचे वेतन कापण्याची ‘डबल खाडा’ पद्धती अनेक गिरण्यांत रूढ होती. साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, कापडात दोष आढळल्यास ते कापड विणणाऱ्याच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून वळती करीत. सूत वाईट असले किंवा यंत्र जुने असले तरी दोषाची जबाबदारी त्याच्यावरच येई. अशा स्थितीत कायम कामगाराची मिळकतही पगाराच्या दिवसापर्यंत अनिश्चितच राही. बदली आणि कायम यांमधील भेद अर्थातच मोठा होता. परंतु चिंतेच्या दृष्टीने तो प्रकाराचा नसून प्रमाणाचा होता.

३

या पार्श्वभूमीवर नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या वतीने केलेल्या मागण्या वाचल्या म्हणजे एक गोष्ट चटकन ध्यानात येते. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या असलेल्या त्या अर्जात आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या प्रारंभाची व अखेरीची ठरलेली वेळ, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्या मजुराला बरे होईपर्यंत पूर्ण वेतन, अशा मागण्या होत्या. वेतनवाढीची मागणी त्यांत नव्हती. काम केव्हा सुरू होणार, केव्हा संपणार, पैसे कोणत्या दिवशी मिळणार आणि अपघात झाल्यास काय होणार, हे आधी ठाऊक असावे, एवढेच त्या अर्जाचे मागणे होते. संघटित स्वरूपात मांडलेली पहिली मोठी मागणी अशा रीतीने निश्चितीची होती. साप्ताहिक सुट्टीची मागणी १८९० साली मान्य झाली. वेतन ठरलेल्या मुदतीत देण्याचे बंधन कायद्याने येण्यास मात्र १९३६ चा वेतन अधिनियम यावा लागला. मधली ५२ वर्षे ही या चिंतेच्या आयुर्मर्यादेचे एक मापच म्हणावे लागेल.

उलट प्रकारचा पुरावा प्लेगच्या काळातून मिळतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा उद्भव झाला आणि पुढील काही महिन्यांत लोक मोठ्या संख्येने शहर सोडून गेले. गिरण्यांत हातांचा तुटवडा पडला. तेव्हा राहिलेल्या मजुरांनी महिन्याच्या पगाराऐवजी रोजच्या रोज रोख मजुरीची मागणी केली. मालकांना ती मान्य करावी लागली. इतकेच नव्हे, तर रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून एका गिरणीची माणसे दुसऱ्या गिरणीने अधिक दर देऊन पळवावी असा प्रकार घडू लागला. काही महिन्यांपुरती का होईना, चिंता दाराच्या बाहेरून आत गेली. मालक आणि मजूर यांच्या बळाचे प्रमाण बदलताच ती एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे सरकली. तिचे मूळ मजुराच्या स्वभावात, आळसात वा अज्ञानात शोधणाऱ्या तत्कालीन मताला याहून स्पष्ट उत्तर देता येणार नाही.

४

कायदा आणि संघटना यांचा आधार मिळेपर्यंत, आणि पुष्कळ अंशी त्यानंतरही, कामगारांनी या अनिश्चितीला स्वतःच्या सामाजिक साधनांनी तोंड दिले. त्यांतील पहिले साधन म्हणजे गाव. गिरणी कामगारांचा फार मोठा भाग रत्नागिरी जिल्ह्यातून आणि घाटावरील सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून आलेला होता. कोकणातील तुटपुंजी शेती कुटुंबाला वर्षभर पोसण्यास असमर्थ होती, म्हणून माणसे मुंबईस आली. आणि मुंबईतील रोजगार कुटुंब पोसण्याइतका भरवशाचा नव्हता, म्हणून त्यांनी शेती सोडली नाही. चाकरमानी मनिऑर्डर पाठवी आणि काम गेले म्हणजे गावी परते. गिरणगाव आणि कोकण ही दोन्ही ठिकाणे मिळून एका कुटुंबाचा संसार चाले. गावाशी असलेली ही जवळीक म्हणजे कामगाराच्या अपुऱ्या औद्योगिक निष्ठेची खूण होय, असे मालक व अधिकारी दीर्घकाळ मानीत आले. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही समजूत उलटी करून दाखविली. रोजगाराच्या अस्थैर्यावरचा तो विचारपूर्वक योजलेला उपाय होता आणि शहरातील लढा दीर्घकाळ चालविण्याचे बळही त्यातूनच येत होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

दुसरे साधन म्हणजे चाळीतील खोली. एका गावचे किंवा एका वाडीचे लोक मिळून गाळा भाड्याने घेत. पाळ्यांप्रमाणे झोपण्याच्या जागा वाटल्या जात. काम नसलेल्या गाववाल्याचा भार काही काळ इतरांनी सोसावा, असा अलिखित संकेत असे. नव्या माणसाला जॉबरपर्यंत नेऊन त्याच्याविषयी शब्द टाकण्याचे कामही खोलीतील जुना माणूसच करी. तिसरे साधन खानावळीचे. एकट्या राहणाऱ्या पुरुषांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या महिनाअखेर हिशेब घेत. पगार उशिरा आला किंवा बदलीचे दिवस कमी भरले, तर त्यांना थांबावे लागे आणि वाण्याची उधारी त्यांच्या अंगावर येई. कामगाराच्या अनिश्चितीचा एक वाटा अशा प्रकारे त्याच्या खानावळवालीने उचललेला असे. याची दखल फार उशिरा घेतली गेली. १९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झाले आणि या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली, तोपर्यंत त्यांचा आधार सावकारच होता.

सावकार हे चौथे साधन. दरमहा रुपयास एक आणा, म्हणजे वर्षाकाठी शेकडा ७५, हा व्याजाचा दर त्या काळी सर्रास आढळे. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी उभा असलेला पठाण हे गिरणगावातील परिचित दृश्य होते. कर्ज केवळ उधळपट्टीतून होते असे मानणारे सुधारक पुष्कळ होते. परंतु वेतन उशिरा मिळणे आणि कामाचे दिवस अनिश्चित असणे या दोन गोष्टी लक्षात घेतल्या, तर कर्ज हे वेतनपद्धतीचेच पूरक अंग ठरते. पाचवे साधन स्वतः जॉबर होय. तो दस्तुरी घेई हे खरे, तथापि अडचणीत उसने पैसे देणे, खोली मिळवून देणे, सावकाराला जामीन राहणे, हीही कामे तो करी. ज्याच्याकडून भय त्याच्याकडेच अभय मागावे लागे, अशी ही विलक्षण घडण होती.

या पाचही साधनांत एक समान धर्म दिसतो. प्रत्येकाने कामगाराची काळजी काही अंशी हलकी केली आणि तिच्या जागी एक ऋण निर्माण केले. गावाने आश्रय दिला, तेव्हा जातीचे व भावकीचे बंधन घट्ट झाले. गाववाल्याने शब्द टाकला, तेव्हा त्याचा उपकार आयुष्यभर वाहावा लागला. सावकाराने वेळ निभावून नेली आणि पुढील पगार गहाण पडला. जॉबरने जागा दिली, तर त्याच्या मर्जीविरुद्ध बोलण्याची सोय उरली नाही. व्यक्तिगत आश्रयाने मिळणारे आश्वासन त्या व्यक्तीच्या इच्छेपुरतेच टिकते, म्हणून त्यात चिंतेचे रूपांतर होते, निवारण होत नाही.

शिवाय ही साधने सर्वांना सारखी उपलब्ध नव्हती. साचेखात्यात वेतन अधिक असे. परंतु धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागत असल्याने विटाळाच्या कल्पनेमुळे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तेथे मज्जाव होता. ज्यांना चांगल्या खात्याचे दारच बंद, त्यांना जॉबरची मर्जी वा गाववाल्याचा शब्द तेथवर नेऊ शकत नव्हता. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे स्पष्टपणे ठेवला. वाइंडिंग आणि रीलिंग या खात्यांत काम करणाऱ्या स्त्रियांची भरती नायकिणीच्या हाती असे. प्रसूतीमुळे काम सुटले तर ते परत मिळेल याची शाश्वती नव्हती. १९२९ च्या मुंबई प्रसूती साहाय्य कायद्याने स्त्रियांना काही हक्क दिले. पण रात्रपाळीवरील बंदी, हा नवा खर्च आणि यंत्रांतील बदल यांचा परिणाम होऊन पुढील दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. संरक्षणाचा कायदा आणि रोजगाराची हमी एकत्र न आल्यास संरक्षणच नोकरीवर उलटते, हे यातून दिसून येते.

५

पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीचा भर ओसरल्यावर मालकांनी खर्च कमी करण्यास आरंभ केला. १९२५ साली साडेअकरा टक्के वेतनकपातीचा प्रयत्न संपामुळे आणि कापडावरील जकात उठल्यामुळे मागे घ्यावा लागला. त्यानंतर कार्यक्षमता-योजना आल्या. दोन मागांऐवजी तीन माग एका विणकराने सांभाळावे, सूतखात्यात एकाच्या जागी दोन बाजू एका कामगाराकडे द्याव्या, असे त्यांचे स्वरूप होते. या योजनांनी चिंतेच्या स्वरूपात महत्त्वाचा बदल घडवून आणला. तोपर्यंत काम जाण्याची भीती मुख्यतः बदलीची आणि नव्या माणसाची होती. आता हजेरीपटावरील जुन्या, कसबी विणकरालाही आपली जागा उद्या राहील की नाही, हा प्रश्न पडला. शेजाऱ्याने तिसरा माग घेतला म्हणजे आपला रोजगार जाणार, हे प्रत्येकाला कळत होते. एरवी माणसामाणसांत वितुष्ट आणणारी ही स्थिती एप्रिल १९२८ मध्ये सार्वत्रिक संपाचे कारण झाली. सुमारे दीड लाख कामगारांचा हा संप ऑक्टोबरपर्यंत चालला. गिरणी कामगार युनियनचा जन्म याच संपात झाला. अर्जुन आत्माराम आळवे यांच्यासारखा स्वतः गिरणीत काम केलेला माणूस तिचा अध्यक्ष होता, ही गोष्टही अर्थपूर्ण आहे.

संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीपुढे वेतनदरांबरोबरच स्थायी आदेशांचाही प्रश्न होता. कामावरून केव्हा व कोणत्या सूचनेने काढता येईल, दंड कशासाठी आणि किती, रजा कशी मागावी, हे लेखी नियमांत असावे की नाही आणि असल्यास त्यांचे शब्द काय असावे, यावर दोन्ही पक्षांनी बारकाईने वाद घातला. मूळ मसुदा मालकांचा होता आणि त्याचा हेतू शिस्त कडक करण्याचा होता. तरीही कामगारांचे प्रतिनिधी त्यातील एकेका कलमावर वाद घालीत राहिले. लिहिलेला नियम प्रतिकूल असला तरी त्याविरुद्ध दाद मागता येते; मर्जीविरुद्ध मागता येत नाही, ही जाणीव त्यामागे होती.

६

१९३४ च्या संपानंतर सरकारने त्याच वर्षी तडजोडीचा कायदा करून लेबर ऑफिसरची नेमणूक केली. १९३५ साली गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना सुरू केली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस निवडक माणसांना बदली कार्ड द्यावे, त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजेरी लावावी आणि मोकळ्या जागा त्यांच्यातूनच भराव्या, असे तिचे स्वरूप होते. जॉबरची सत्ता कमी करणे आणि मजुरांचा साठा सुव्यवस्थित ठेवणे हा मालकांचा हेतू. काम मिळेलच असे हे कार्ड सांगत नव्हते. परंतु दाराशी उभ्या असलेल्या माणसाचे नाव प्रथमच कागदावर आले. त्याचा हक्क अत्यंत क्षीण असला तरी तो हक्क होता. त्यासाठी कोणाचा उपकार घ्यावा लागत नव्हता, निदान नियमाप्रमाणे तरी. व्यवहारात कार्ड कोणाला मिळावे यावरही जॉबरची छाया राहिलीच.

पुढील वीस वर्षांत या दिशेने बरेच अंतर कापले गेले. १९३८ च्या मुंबई औद्योगिक कलह कायद्याने व नंतर १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने स्थायी आदेशांना बळ दिले. १९४७ च्या निवाड्याने वेतनाचे प्रमाणीकरण होऊन २६ दिवसांच्या कामास किमान ३० रुपये मूळ वेतन ठरले. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आजारपणाची आणि १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्याने वार्धक्याची काही सोय झाली. १९५० च्या सुमारास मुंबई सरकारने भरती रोजगार-कचेरीमार्फत व्हावी यासाठी योजना आखली. ती ऐच्छिक असल्याने तिचा प्रभाव मर्यादित राहिला. १९५३ साली औद्योगिक कलह अधिनियमात झालेल्या दुरुस्तीने सक्तीच्या बेकारीच्या भरपाईतून बदली कामगाराला वगळले. मात्र ज्याची एक वर्षाची अखंड सेवा झाली आहे त्याला त्या कलमापुरते बदली मानू नये, असाही खुलासा केला. वर्षाची सेवा म्हणजे २४० दिवस, हा आकडा तेव्हापासून कामगारांच्या बोलण्यात कायमचा बसला.

या आकड्याने चिंतेला नवे रूप दिले. पूर्वी बदली सकाळचा भोंगा मोजीत असे. आता तो वर्षातील दिवस मोजू लागला. २४० दिवस भरण्यापूर्वीच काम देणे थांबविण्याची युक्ती भारतीय उद्योगांत सर्वपरिचित झाली. नियमाने दिलेला हक्क टाळण्यासाठी नियमाच्याच अक्षरांचा उपयोग होऊ शकतो, ही नियमाची मर्यादा होय. पण त्याचबरोबर आपल्यावर अन्याय झाला हे दिवसांच्या हिशेबाने सिद्ध करण्याचे साधनही त्याच आकड्याने बदलीच्या हाती दिले. जॉबरच्या काळात असे सिद्ध करण्याजोगे काहीच नव्हते.

७

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. वेतनवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करण्याची मागणीही त्यात होती. स्थापनेपासून सव्वाशे वर्षे लोटल्यावरही या धंद्यात दाराशी उभा असलेला माणूस होता आणि त्याचा प्रश्न सुटला नव्हता, हे त्या मागणीवरून उघड होते. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. पुष्कळांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही; अनेकजण पूर्वीप्रमाणेच गावी परतले. पण या वेळी परत बोलावणारा भोंगा नव्हता. पुढील दोन दशकांत बहुतेक गिरण्या बंद झाल्या. ज्या कायमपणासाठी बदलीने आयुष्य वेचले, तो कायमपणाच धंद्याबरोबर नाहीसा झाला.

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष सावधपणे मांडावयास हवा. व्यक्तिगत आश्रय आणि लेखी नियम यांपैकी कोणत्याही एकाने कामगाराची चिंता पूर्णपणे दूर केली नाही. गाव, खोली आणि खानावळ यांच्यावाचून तो तगला नसता आणि त्यांच्यावाचून संपही लढविता आले नसते. परंतु आश्रयाने तग धरता येतो, स्वाभिमानाने उभे राहता येत नाही. त्यासाठी १८८४ च्या अर्जापासून १९५३ च्या दुरुस्तीपर्यंत कामगारांना नियमाचीच वाट धरावी लागली. अलीकडे कामावरील चिंतेचा विचार बहुधा व्यक्तीच्या मनःस्वास्थ्याचा प्रश्न म्हणून होतो आणि उपायही व्यक्तीलाच सांगितले जातात. त्यांची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. मात्र ठराविक मुदतीच्या कराराने आणि कंत्राटदाराच्या मर्जीने चालणारे काम पुन्हा वाढत असताना, चिंतेचे वाटप कोण करतो आणि ती कोणाच्या पदरात पडते, हा लोखंडे यांच्या अर्जाने प्रथम उपस्थित केलेला प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही. प्लेगच्या वर्षात रस्त्याच्या कोपऱ्यावर मजुरांची वाट पाहणारे मालक आणि एरवी गिरणीच्या दाराशी मालकाची वाट पाहणारे मजूर, ही दोन दृश्ये शेजारी ठेवली म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची दिशा मिळते.